ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघ

साताऱ्यात मास मीडिया शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: 'काका, तुम्ही इतकी वर्षं एडिटिंग करताय. स्वतः आवडीनं कुठल्या मालिका बघितल्यात? मोबाईलवर कशाला खरोखर हसू येतं, आणि का येतं? सोबत माझा चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय. आजी मंडईत भाजी विकते, तिच्या पाटीशेजारी आम्ही पैसे आल्याचं सांगणारा तो बोलका डबा ठेवला, त्याचा. मैत्रिणी छान आहे म्हणाल्या, पण एकही हसली नाही.'

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे माझ्या आवडीनिवडीला किती मान द्यायचा ते तुझं तुला ठरवता येईल. १९९८ साली सांगलीत लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात लागलो. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, आणि बोट कायम पॉजच्या बटणावर. कट चुकला की कॅसेट मागं घेऊन परत पहिल्यापासून. पुढं कॉम्प्युटर आला, लोकल केबलची कामं केली. साताऱ्याकडं मालिकांची शूटिंगं वाढली तेव्हा तिथल्या एडिटच्या खोलीत शिरलो, आणि आता गावाकडच्या वेब मालिका आणि रील कापतो. बायको म्हणते, दिवसभर तेच बघता आणि रात्री जेवतानापण तेच? तर हो, रात्रीपण तेच.

माझ्या आवडीचं मोजमाप एकच आहे, आणि ते टीव्हीच्या आधी तमाशानं हातात दिलं. सांगलीपासून तासगाव रस्त्याला कवलापूर लागतं. तिथला काळू-बाळूंचा तमाशा. लहू आणि अंकुश खाडे ही जुळी भावंडं, आणि 'जहरी प्याला' या वगात दोघंही हवालदार. मी जत्रेत आज्याच्या मांडीवर बसून बघितला. गोष्ट आज एक अक्षर आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की एक जण बोलायचा आणि माणसं दुसऱ्याकडं बघून हसायची. विनोद टाकणारा एक, पण तो फुटायचा ऐकणाऱ्याच्या तोंडावर. त्यात दोघांचं तोंड एकच, त्यामुळं टाकला कुणी आणि झेलला कुणी याच्या घोळातच निम्मा तंबू हसत असायचा. आज्या मात्र हसायचा नाही. तो डोळे पुसायचा. हसून पाणी येतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मला वाटायचं म्हातारा रडतोय.

तेव्हापासून काहीही बघायला बसलो की माझं लक्ष बोलणाऱ्यावर राहत नाही. ऐकणारा काय करतोय, ते बघतो.

टीव्हीवरचं पहिलं प्रेम 'ये जो है जिंदगी'. १९८४ साली दूरदर्शनवर आली. आमच्या गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही. एक जण कौलांवर अँटेना धरून उभा, आणि खालून ओरडा चाललेला, 'आलं, आलं... गेलं! परत फिरव!' हिंदी निम्मंच कळायचं. पण सतीश शहा दर भागात नवाच माणूस होऊन यायचा आणि शफी इनामदार त्याच्याकडं नुसता बघत राहायचा, तेवढ्यावर आम्ही पोरं लोळायचो. धंद्यात पडल्यावर काही भाग परत बघितले तेव्हा उमगलं, की सोंग सतीश शहाचं असलं तरी आम्ही हसत होतो शफी इनामदारला.

एकच मालिका निवडा म्हणालीस तर मात्र 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ साली सुरू झाली, तेव्हा झी मराठीचं नाव अल्फा मराठी होतं. दिग्दर्शन केदार शिंदेंचं, आणि मालिका बेतलेली दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर. प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते. तरी त्यांनी केलेले आबा म्हातारे वाटायचे, आणि ते पांढऱ्या केसांमुळं वाटायचे असं मला वाटत नाही. म्हातारा माणूस समोरच्याचं वाक्य संपल्यावर अर्धा क्षण जास्त घेतो. कानावर पडलेलं आत पोचायला वेळ लागतो. नातू शिऱ्या काहीतरी फेकून बाहेर पडलेला असायचा, सून श्यामला स्वयंपाकघराकडं वळलेली असायची, आणि आबांच्या तोंडावर ते आत्ता कुठं उमटायला लागायचं. त्या अर्ध्या क्षणाला कात्री लावण्याचा मोह एडिटरला होतोच, कारण त्यात 'काही घडत नाही'. ज्यानं तो मोह आवरला त्याला माझा रामराम.

हिंदीतच सांगायचं तर 'साराभाई वर्सेस साराभाई', २००४ ची, स्टार वनवरची. मुलगा रोसेश कविता म्हणतो तेव्हा कॅमेरा किती वेळ बापावर, इंद्रवदनवर असतो, ते एकदा घड्याळ लावून बघ. यावर जास्त लिहीत नाही. आमच्या सासूबाईंना ही मालिका मी हट्टानं दाखवली, त्या शेवटी एवढंच म्हणाल्या, 'घर मोठं हाय.'

२०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि आमच्या भागात ज्या घरात कधी कुणी कुणाशी बोलत नव्हतं त्या घरातही रात्री हसण्याचा आवाज यायला लागला. भाऊ कदम नुसता येऊन उभा राहिला तरी पुरे. पण त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग विनोदाचा नव्हताच. सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचा, अरविंद जगतापांनी लिहिलेलं. तासभर धुडगूस, लुगडी, टोप, पळापळ, आणि मग एक माणूस खाकी कपड्यात कागद घेऊन उभा. पत्र चालू झालं की पाहुण्यांची तोंडं बघायची. मघाशी कॅमेऱ्यासाठी हसणारे नट एकदम कुणाचेतरी पोरगे-पोरी व्हायचे. विनोदाच्या कार्यक्रमात इतका वेळ कुणाला नुसतं ऐकू देणं, ही हिंमत आहे.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मी आजही बघतो. २०१८ पासून सोनी मराठीवर. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामींची ती भट्टी आहे. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार ही जोडी जमायची तेव्हा त्यात काळू-बाळू दिसायचे मला. चौघुले अंगानं एवढा हलणारा माणूस, पण विशाखाताई बोलायला लागल्या की तो थिजायचा. पापणीसुद्धा नाही. नम्रता संभेराव करते ते लॉलीचं पात्र बघ, ती बोलताना समोरचा नट हसू दाबत असतो आणि प्रेक्षक त्याच्या दाबण्याला हसतात. माझी एक तक्रार आहे. प्रत्येक टप्प्याला परीक्षकांचं हसणं दाखवायची गरज नाही. सई ताम्हणकर आमच्या सांगलीची, तिचं हसणंही मोकळं आणि खरं, पण विनोद फुटला रे फुटला की कट करून सोफ्यावर गेलात तर ज्याच्या तोंडावर तो फुटला ते तोंडच हुकतं. घरचा माणूस सोफा बघत बसतो.

आता तू म्हणशील, रोजच्या मालिकांत तर सगळ्यांची तोंडं दाखवतात. एक बोलली की सहा जणांची तोंडं, प्रत्येकाला तीन-तीनदा, वर धडाम असा आवाज. मग ते का भिडत नाही?

ते मी आतून बघितलंय. आठवड्याला सहा भाग द्यायचे, प्रत्येकी बावीस मिनिटांच्या घरात. सीन कमी पडला की लांबी कुठून आणायची? त्यासाठी 'लुक' घेऊन ठेवतात. सीन संपल्यावर सगळ्यांना ओळीनं उभं करायचं: आता रागाचा द्या, आता धक्क्याचा, आता डोळ्यांत पाणी. समोर कुणी बोलत नसतं. नट भिंतीवरच्या खिळ्याकडं बघून धक्का खातात. मी ज्या युनिटला होतो तिथं माझ्याकडं हे लुक वेगळ्या फोल्डरमध्ये यायचे, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखे. एकदा बारशाच्या सीनला मी चुकून मयताच्या सीनसाठी घेतलेला लुक लावला. भाग तसाच गेला आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. तोंड दिसत होतं, ऐकत कुणी नव्हतं.

तरी आमच्या मातीतल्या मालिकांचं कौतुक करायचं राहू देणार नाही. 'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ चालली, साताऱ्याच्या गावांत चित्रित झाली, लिहिली वाईच्या तेजपाल वाघनी. फौजी आणि शीतलीचं प्रेम सगळ्यांनी बघितलं. मी बघत होतो जिजीला. कमल ठोकेंनी आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली आणि मग ही आजी साकारली. शाळेत ज्या बाईंनी पोरांच्या थापा मुकाट्यानं ऐकून घेतल्यात, तिला नातवाची थाप कशी ऐकायची हे कुठल्या दिग्दर्शकानं शिकवायचं? २०२० मध्ये त्या गेल्या. २०२० मध्येच 'देवमाणूस' आली. वाई परिसरात २०१६ ला उघडकीस आलेल्या हत्याकांडाची आठवण करून देणारी, अंगावर काटा आणणारी मालिका, आणि तिच्यात रुक्मिणी सुतारांची सरू आजी म्हणींचा पट्टा फिरवत बसलेली. लोक सरू आजीच्या म्हणी पाठ करायचे. मी तिच्या समोरच्या माणसांकडं बघायचो. शिवी खाल्लीय की आशीर्वाद, हेच त्यांना कळायचं नाही.

बोलीचा एक मुद्दा इथंच सांगतो, कारण तुलाही लागेल. मुंबईत बसून लिहिणाऱ्याला वाटतं, प्रत्येक वाक्याला 'रं' आणि 'गं' चिकटवलं की झाली गावाकडची भाषा. बोली शेपटीत नसते. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात पोरी 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. 'काय करायलायस?' विचारतात. असं संवादात आलं की वरून फोन येतो, 'मुलगी आहे ना? मग आलो कसं?' आणि दुरुस्त करून पाठवतात. दुरुस्त केलेली पोरगी मग कुठल्याच गावची राहत नाही.

मोबाईलकडं येतो.

शहरी व्हिडिओंत मला भाडिपा या यूट्यूब चॅनेलचं 'कास्टिंग काऊच' आवडलं, २०१६ चं. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी अत्यंत गंभीरपणे अत्यंत फालतू प्रश्न विचारतात आणि समोर बसलेल्या पाहुण्याला कळत नाही, हसायचं की उठून जायचं. सगळी गंमत त्या खुर्चीवरच्या तोंडाची. त्यांचेच आई-मुलाचे व्हिडिओ घे, रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडेचे. आई बोलते, मुलगा ऐकतो. कुठल्या घरात वेगळं चालतं?

गावाकडच्या वेब मालिकांचं पीक आता अमाप झालंय, पण कोरी पाटी या यूट्यूबवाल्यांच्या 'गावाकडच्या गोष्टी' साताऱ्याच्या मातीत झाल्या तेव्हा आम्हा धंदेवाल्यांना धक्का बसला होता. स्टुडिओ नाही, चॅनेल नाही, नावाजलेला चेहरा नाही, आणि लोक पुढच्या भागाची वाट बघतायत. बारामतीकडची 'चांडाळ चौकडीच्या करामती' घे. पारावरची माणसं पारावरच्या माणसांसारखी बसतात, हे टीव्हीला इतकी वर्षं जमलं नव्हतं. टीव्हीतला गावकरी पारावर बसतानाही कॅमेऱ्याला पाठ करत नाही.

मग २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. आमच्या तालुक्यातले कितीतरी 'स्टार' एका रात्रीत साधे पोरगे झाले. काही रीलवर गेले, काही यूट्यूबच्या शॉर्ट्सवर, बरेच गुऱ्हाळावर आणि द्राक्षबागेत परतले. रीलनं मला पोटापाण्याला दिलंय, तेव्हा नावं ठेवत नाही. पण एक रोग त्यातून लागला. पहिल्या तीन सेकंदांत पकडा, नाहीतर माणूस अंगठ्यानं तुम्हाला वर ढकलून देईल, या भीतीनं पोरं ऐकणाराच कापून टाकतात. वाक्य, वाक्य, वाक्य. मधली सगळी हवा काढलेली. आणि हवा काढली की हसायला जागा राहत नाही, म्हणून मग बाहेरून हसू चिकटवायचं: टुंग, फुर्र, कावळा, रेकॉर्ड केलेला हशा. एका निर्मात्यानं मला एकदा दहा मिनिटांच्या भागात असे चाळीस आवाज मोजून टाकायला लावले होते. पैसे अजून यायचेत.

ह्या हवेचा हिशेब तुला एका सीनवर दाखवतो. मी कापलेला. खटावकडचा एक म्हातारा ओसरीवर भाकरी खातोय. पुतण्या नवी गाडी हप्त्यावर घेतलीय म्हणून समजावतोय: एवढे आधी भरले, एवढे महिन्याला, एवढी वर्षं. म्हातारा सगळं ऐकतो, भाकरीचा तुकडा मोडतो, आमटीत बुडवतो, तोंडापर्यंत नेतो, थांबतो, आणि विचारतो, 'मग गाडी कुणाची?' आपण सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस सुटी चित्रं धरतो. माझ्या पहिल्या कटला तुकडा मोडण्यापासून प्रश्नापर्यंत पंचाहत्तर फ्रेम होत्या, म्हणजे तीन सेकंद. निर्माते म्हणाले, ढिलं पडतंय. मी पंचवीसवर आणलं. खोलीत चौघं होतो, कुणी हसलं नाही. संवाद तोच, म्हातारा तोच. मग मी पन्नास केलं, तुकडा हवेत थांबतो तो भाग ठेवून आमटीत बुडवण्याचा काढला. ऑफिसबॉय चहा घेऊन आत येत होता, त्याच्या हातातला ट्रे हलला. ते पन्नास मी आजवर कुणाला बदलू दिलेले नाहीत. बुडवणं काढलं तर चालतं, थांबणं काढलं तर मरतं, हे पुस्तकात वाचून कळलं नसतं मला.

आता तू विचारलंस, खरोखर हसू कशाला येतं. तर माझ्याकडं एक क्लिप आहे, ती मी कुणालाच पाठवत नाही, कारण माणसं ओळखीची आहेत. मीच केलेलं जुनं लग्न. मांडवात माईकवर एक मास्तर आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारतायत, तुला माहितीय ती पद्धत: अमुक गावचे अमुक, आपल्या विनंतीस मान देऊन उपस्थित राहिल्याबद्दल यजमान आभारी आहेत. एक भला फेटेवाला आत येतो. मास्तर माईक जरा खाली घेतात, बंद न करता, आणि शेजारच्याला विचारतात, 'ह्यो कोण हाय रं?' तेराशे माणसांना ऐकू गेलं. मग तोच आवाज, तोच थाट: '...आणि यांचंही आम्ही मनापासून स्वागत करतो!' पण माझ्या कॅमेऱ्यात मास्तर नाहीतच. माझा कॅमेरा योगायोगानं फेटेवाल्यावर होता. त्यानं आवाजाच्या दिशेनं बघितलं, मग मागं बघितलं, आपल्याविषयी नसेलच अशा आशेनं, आणि मग दोन्ही हात जोडून सगळ्या मांडवाला नमस्कार केला. वीस-बावीस वर्षं झाली. मला आजही मास्तरांच्या वाक्यापेक्षा त्याचं ते मागं बघणं आठवून हसू येतं.

आता तुझा व्हिडिओ. दोनदा बघितला. आजी फर्स्ट क्लास आहेत, त्यांना काही सांगायला जाऊ नकोस. सुरुवातीचं ड्रोनमधून घेतलेलं अजिंक्यतारा आणि राजवाडा काढून टाक, ते सगळ्यांच्या व्हिडिओत असतं. सरळ पाटीवर ये, मेथीची जुडी बांधणाऱ्या हातावर. तू स्वतः डबा म्हणजे काय ते समजावतेस ते चाळीस सेकंद आहे, ते दहा कर, आणि तेही तुझ्यावर नको, आजी मान हलवतायत त्यांच्यावर ठेव. त्यांना काही कळलेलं नाही आणि तरी त्या नातीचा मान राखून 'हां हां' म्हणतायत, हे तुझ्या शूटिंगमध्ये आहे, तू कटमध्ये घेतलं नाहीस. पाठवलेल्या कच्च्या क्लिपांत तिसऱ्या नंबरला बघ.

मग ते मुख्य. गिऱ्हाईक पैसे पाठवतं, डबा बोलतो, 'बीस रुपये प्राप्त हुए', आणि आजी डब्याला म्हणतात, 'बरं.' तू डबा बोलल्या बोलल्या 'बरं'वर गेलीस आणि खाली ढोलकी लावलीस. मूळ क्लिपमध्ये या दोन्हींच्या मधे आजी डब्याकडं बघतात, मग गिऱ्हाइकाकडं बघतात, ते पाठमोरं चालू लागलेलं असतं, मग परत डब्याकडं. सव्वादोन सेकंद आहेत. सगळे ठेव. ढोलकी काढ. मागं कुणीतरी 'कोथिंबीर दहाला दोन' ओरडतंय, तो आवाज साफ करू नकोस, त्याच्यामुळंच आजीची शांतता ऐकू येते. शेवटी पाऊस भुरभुरायला लागल्यावर त्या भाजीच्या आधी डब्यावर पोतं टाकतात, तिथं संपव. 'थँक्यू आजी' अशी पाटी नको. पोतं टाकल्यावर आतून डबा परत एकदा बोलतोय, अगदी बारीक, तुझ्या लॅपटॉपच्या स्पीकरवर कदाचित ऐकू आलं नसेल. हेडफोन लावून बघ.